वऱ्हाडची काळी जमीन आणि डांबरी रस्त्याचे आयुष्य

बुलढाणा जिल्ह्याचे लोकव्यवहारात ‘घाटावर’ व ‘घाटाखाली’ असे दोन भाग मानले जातात. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, कापसाची काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरील डांबरी थर तिच्यासवेच खचतो.

डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे, म्हणजे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या राजधानीतच, भरली. तिने सिद्ध केलेल्या वीस वर्षांच्या योजनेचे मुख्य परिमाण रस्त्यांची लांबी हे होते. रस्ते थोडे असताना ते स्वाभाविकही होते. परंतु बांधलेला रस्ता किती टिकेल, हा प्रश्न त्यामुळे मागे राहिला.

त्याचे उत्तर पुढे बेंकेलमन यांच्या तुळईने सुकर केले. भारित मालमोटारीचे चाक पुढे सरकताच दबलेला रस्ता किती वर येतो, हे तिने मोजता येते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८१ मध्ये या पद्धतीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मोजणी शक्यतो पावसाळ्यानंतर, जमीन सर्वांत दुर्बल असताना करावी, आणि नव्या थराची जाडी तीवरून ठरवावी, असा तिचा आशय आहे.

सारांश, मोजमाप लांबीकडून खोलीकडे वळले. काळी व मुरमाड हा शेतकऱ्याचा जुनाच भेद त्यामुळे अभियंत्याच्या हिशेबात आला. तो विसरून केवळ वरच्या भेगा बुजविल्यास खर्च होतो; रस्त्याचे आयुष्य मात्र वाढत नाही.