पत्त्यातील अंक

संगणकाची गोष्ट निघाली म्हणजे बहुधा त्याच्या वेगाचे कौतुक होते. मला आज त्याच्या स्मृतीविषयी, आणि त्या स्मृतीला माणसाने आपल्याच हातांनी घातलेल्या कुंपणाविषयी बोलावयाचे आहे.

समजा, एखाद्या नगरपालिकेने घरांच्या पाट्यांवर दोनच आकड्यांची जागा ठेवली. ०० पासून ९९ पर्यंत शंभर घरांची व्यवस्था लागली. पुढे आणखी एक घर उभे राहिले. जमीन आहे, भिंती आहेत, पण पत्ता नाही; टपालवाला तेथे पोहोचणार कसा? संगणकाची स्मृती ही अशीच क्रमांक दिलेल्या घरांची वस्ती असते. तेथे अंक दोनच, शून्य आणि एक; म्हणून पत्त्यात एक अंक वाढला की घरे दुप्पट होतात. सोळा अंकी पत्ता ६५,५३६ घरे दाखवितो. त्यापुढचे घर त्याच्या लेखी नसतेच.

मग आरंभीच लांब पत्ता का ठेवला नाही? त्या काळी स्मृती म्हणजे तारांत ओवलेल्या चुंबकीय कड्यांची जाळी. एका अंकाला एक कडे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ला अशी अवघी २,०४८ घरे होती, प्रत्येक चाळीस अंकांचे. अशा टंचाईत लांब पत्ता ही उधळपट्टीच वाटे.

अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७० साली पीडीपी-११ हा संगणक काढला, सोळा अंकी पत्त्याचा. यंत्र गुणी निघाले, लोकप्रियही झाले. परंतु स्मृती स्वस्त होत गेली. १९७५ च्या ११/७० या नमुन्यात यंत्राचा पत्ता बावीस अंकी, म्हणजे ४१,९४,३०४ घरांचा करण्यात आला. तथापि आज्ञावलींत सोळा अंकी पत्ता कायमचा बसला होता. आज्ञांना एक आणि माहितीला एक अशा दोन खिडक्या केल्या, तरी प्रत्येक खिडकी तेवढीच. कोठार वाढले, खिडकी वाढेना.

१९७६ साली त्याच कंपनीच्या गॉर्डन बेल आणि विल्यम स्ट्रेकर यांनी हे जाहीरपणे कबूल केले. पत्त्यात अंक कमी ठेवणे ही संगणकाच्या रचनेतील निस्तरण्यास कठीण अशी चूक आहे, आणि आपल्या यंत्रानेही ती केली, असे त्यांनी लिहिले. १९७७ साली आलेल्या बत्तीस अंकी ‘व्हॅक्स’च्या नावातच पत्त्याचा विस्तार आहे; तरी जुन्या आज्ञावली चालविण्याची तजवीज त्यातही ठेवावी लागली. यंत्र बदलता येते, लोकांनी त्यावर उभारलेले काम टाकून देता येत नाही.

एवढे छापून आल्यावरही १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक वीस अंकांवर आला. १०,४८,५७६ घरांपैकी आज्ञावलींच्या वाट्याला ६,५५,३६० आली, आणि ती मर्यादा ओलांडण्याच्या युक्त्यांत वर्षे गेली.

अखेर २००३ साली एएमडी कंपनीच्या नव्या प्रक्रियकात पत्त्याला चौसष्ट अंकांची जागा मिळाली. त्यांतील अठ्ठेचाळीसच वापरात होते. उरलेल्या सोळा अंकांत कोणी आपले सामान भरले, तर यंत्र तो पत्ताच नाकारी. रिकामी जागा पुढच्यांसाठी रिकामीच राहावी म्हणून तिच्यावर पहारा बसविला होता!