पवनीची विसमिता आणि भोनची वीट

आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही विचारा, १९५६ म्हटले की ते दीक्षाभूमीचे नाव घेते. सन-तारखा पाठ आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पाठ केलेले परीक्षेपुरते टिकते आणि वस्तू पाहिली की पोरं प्रश्न विचारू लागतात.

खामगावातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे नागपूरला जातात. वंदन झाले, पुस्तके घेतली की परतीची गाडी! चिचोलीचे शांतिवन राहून जाते. धम्मदीक्षा सोहळ्यासाठी झटलेले वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे जपल्या. त्यांत टाइपरायटरही आहे. त्याच्यासमोर मुलाला उभे करा, घाई करू नका. अक्षर चुकले तर काय करीत असतील, हे त्यालाच विचारा. मग नानकचंद रत्तूंची गोष्ट सांगा. दिवसा सरकारी नोकरी आणि रात्री जागून बाबासाहेबांचे लिखाण टाइप करणारा हा माणूस.

याहून जुनी साक्ष दगडाची आहे. भंडारा जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन प्राचीन स्तूप उघडे झाले. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत विसमिता नावाची एक उपासिका आहे. आपले दान सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी होवो, एवढेच तिने कोरून घेतले. दोन हजार वर्षे झाली त्याला. विहाराच्या दानयादीत तुमच्या आजीचे नाव असेल तर मुलाला आधी ते दाखवा, मग विसमितेचे सांगा. राजेमहाराजांच्या इतिहासात आपल्या आया-आज्या सापडत नाहीत; इथे सापडतात.

आणि भोन तर आपल्याच जिल्ह्यातले. संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. भास्कर देवतारे व सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात तिथे खोदकाम केले, तेव्हा भाजक्या विटांचा स्तूप आणि मातीच्या कड्यांनी बांधलेल्या विहिरी निघाल्या. उत्खनन करणाऱ्यांच्या मते हा स्तूप मौर्यकाळातला आहे. पण ही जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. शेतीला पाणी पाहिजेच, त्याला कोण नाही म्हणेल? तरी भोनच्या वस्तूंचे दालन आपल्याच जिल्ह्यात, पोरं एसटीने जाऊन येतील अशा ठिकाणी झाले पाहिजे. ही मागणी विहारा-विहारांतून गेली पाहिजे.

तोवर भोनला गेलात तर एक सांभाळा. आठवण म्हणून वीट किंवा खापर उचलून घरी आणू नका. ती कोणत्या थरात पडली होती, यावरूनच तिचे वय कळते. घरच्या शोकेसमध्ये आली की ती मुकी होते.