तारेची शाळा : एमरी ब्लॅगडन आणि त्याचं ‘बरं करणारं यंत्र’

आजचं व्याख्यान एका माणसाबद्दल आहे, आणि तितकंच एका साध्या वस्तूबद्दलही. माणूस म्हणजे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला एमरी ब्लॅगडन. जन्म १९०७, मृत्यू १९८६. आणि वस्तू म्हणजे तार. कुंपणाची, गठ्ठे बांधायची, विजेची; आपल्या प्रत्येकाच्या घरात कुठेतरी खिळ्याला वेटोळं करून टांगलेली असते ती.

ब्लॅगडनला कलेच्या इतिहासात ‘स्वशिक्षित शिल्पकार’ म्हणतात. हा शब्द आपण फार सहज वापरतो. कॉलेजात गेला नाही, गुरू केला नाही, तरी करून दाखवलं, की झाला स्वशिक्षित. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे एक प्रश्न पडायला हवा. कोणी शिकवलं नाही, हे ठीक. मग शिकला कुठून? शून्यातून तर कोणी शिकत नाही. आज आपण याच प्रश्नाचा माग काढू.

आधी चरित्र, थोडक्यात. नेब्रास्काच्या मध्यभागातल्या एका शेतकरी कुटुंबात ब्लॅगडन जन्मला. शाळा आठवीपर्यंत. तरुणपणी घर सोडलं, मालगाड्यांवर बसून देश हिंडला, मिळेल ते काम केलं, नद्यांच्या वाळूत सोनं शोधून पाहिलं. मग परत आला. लग्न केलं नाही. १९५५ साली चुलत्याची १६० एकर जमीन त्याच्याकडे आली. हा १६० चा आकडा योगायोगाचा नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं वसाहतीसाठी येणाऱ्या कुटुंबाला दिलेला तुकडा नेमका एवढाच होता. ज्या मूळ रहिवाशांची ती भूमी होती त्यांना हटवून हे तुकडे पाडले गेले, हेही ध्यानात असू द्या. ब्लॅगडननं ही जमीन कसायला देऊन टाकली आणि स्वतः एका शेडमध्ये शिरला. पुढची तीस वर्षं तो तिथे तार वळवत होता.

आता तारेकडे येऊ. नेब्रास्काचा तो प्रदेश म्हणजे गवताळ माळ. झाडं कमी, दगड कमी. मग कुंपण घालायचं कशाचं? याचं उत्तर १८७४ मध्ये आलं. इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट मिळालं, आणि बघता बघता सगळा माळ तारेनं बांधला गेला. पुढे टेलिफोन आला, तेव्हा दूरदूरच्या शेतांपर्यंत खांब कोण रोवणार? लोकांनी काय केलं, तर कुंपणाच्या तारांनाच यंत्रं जोडली आणि त्यांतून बोलू लागले! जी तार गुरं अडवते तीच शेजाऱ्याचा आवाज घेऊन येते, असा तो काळ.

मग वीज. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहापैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. १९३६ चा ग्रामीण विद्युतीकरण कायदा झाला आणि ती हळूहळू माळावर पोचली. म्हणजे ब्लॅगडनच्या पिढीनं कंदिलापासून दिव्यापर्यंतचा प्रवास प्रौढपणी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तारेतून काहीतरी येतं, ते दिसत नाही, पण त्यानं घर उजळतं. आज आपल्याला यात काही वाटत नाही. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला काय वाटलं असेल, याचा विचार करा.

आणखी एक तार आहे, सगळ्यांत साधी. वाळलं गवत यंत्रानं दाबून त्याचे गठ्ठे तारेनं बांधत. हिवाळ्यात गुरांना घालताना ती तार कापायची, आणि कापलेले तुकडे उचलून ठेवायचे. उचलायलाच हवेत, कारण चाऱ्याबरोबर तार पोटात गेली तर ती जठर फाडून हृदयापर्यंत जाऊ शकते. आपल्याकडच्या गुरांच्या डॉक्टरांनाही गायी-म्हशींचा हा आजार चांगला माहीत आहे. त्यावर एक उपाय निघाला. गायीच्या पोटात एक गुळगुळीत चुंबक सोडून द्यायचं. ते जन्मभर आत राहतं, आणि गिळलेली तार, खिळे आपल्याला चिकटवून ठेवतं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हा उपाय सर्रास वापरात आला.

आता इथे जरा थांबूया. तार, चुंबक आणि प्राण्याचं आरोग्य, या तिघांची सांगड आपल्याला विचित्र वाटते. ती माळावरच्या शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारात होती. ब्लॅगडन इथूनच आपल्या कल्पनेपर्यंत आला, असं मी म्हणत नाही. तो माझा तर्कच राहील. पण त्या हवेत वाढलेल्या माणसाला ही कल्पना परकी नव्हती, एवढं म्हणायला हरकत नाही.

आणि मग दुःख. ब्लॅगडनचे आई-वडील दोघेही कर्करोगानं गेले, आणि सहजासहजी गेले नाहीत. त्या काळी या रोगावर डॉक्टर काय करत? शस्त्रक्रिया, आणि क्ष-किरण व रेडियम. म्हणजे न दिसणारी ऊर्जा. दुसऱ्या बाजूला, शतकाच्या सुरुवातीला टपालानं माल विकणाऱ्या कंपन्यांच्या सूचीपत्रांत विजेचे पट्टे होते. कमरेला बांधा आणि रोग घालवा. खरं वैद्यक आणि भोंदू वैद्यक, दोन्ही एकच गोष्ट सांगत होती, की अदृश्य शक्ती शरीर बरं करू शकते. शेतातल्या माणसानं त्यातलं काय घ्यावं, काय टाकावं, हे त्याला कोण सांगणार?

ब्लॅगडननं स्वतःचं उत्तर शोधलं. पृथ्वीत एक शक्ती आहे, ती वळवता येते, साठवता येते, आणि दुखणाऱ्या शरीरापर्यंत पोचवता येते, अशी त्याची श्रद्धा होती. शेडच्या छतापासून तारांची झुंबरं लोंबू लागली. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियमची पन्नी, मणी, फिती, चुंबकं, बाटल्यांमध्ये भरलेले क्षार, मधूनच नाताळच्या रंगीत दिव्यांच्या माळा. जोडीला भौमितिक आकृत्यांची रंगवलेली चित्रं. तार पिळायची, गुंडाळायची, एकीत दुसरी अडकवायची. कुंपण दुरुस्त करताना हात जे करतो तेच. फक्त आता कुंपण कशाला घालायचं होतं, तर मरणाला.

या सगळ्याला तो ‘बरं करणारं यंत्र’ म्हणे. सुट्या वस्तूंसाठी त्याचा शब्द होता ‘प्रिटीज’. आपण म्हणू ‘देखण्या वस्तू’. हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवा. एकात काम आहे, दुसऱ्यात सौंदर्य. ‘शिल्प’ हा शब्द मात्र त्यात कुठे नाही.

१९७५ मध्ये ब्लॅगडन नॉर्थ प्लॅट गावातल्या एका औषधाच्या दुकानात गेला. यंत्रासाठी त्याला काही क्षार हवे होते. दुकानातल्या डॅन ड्रायडन या औषधविक्रेत्याला कुतूहल वाटलं, आणि तो शेड पाहायला गेला. लक्षात घ्या, पहिला दाद देणारा माणूस कलासमीक्षक नव्हता, औषधं विकणारा होता. १९८६ मध्ये ब्लॅगडन वारला, आणि तोही कर्करोगानंच. मालमत्तेचा लिलाव झाला, तेव्हा ड्रायडन आणि त्याचा मित्र डॉन ख्रिस्टेनसेन यांनी ते सगळं विकत घेतलं आणि पुढे बरीच वर्षं सांभाळलं. तसं झालं नसतं तर ती तार भंगारात गेली असती. २००४ मध्ये कोहलर फाउंडेशननं हा संग्रह घेतला. आज चारशेहून अधिक वस्तू विस्कॉन्सिनमधल्या शेबॉयगन इथल्या जॉन मायकेल कोहलर आर्ट्स सेंटरकडे आहेत.

आता खरी अडचण. यंत्र चाललं नाही. त्यानं कोणाचा कर्करोग बरा झाल्याचा कसलाही पुरावा नाही, आणि करणाऱ्यालाही ते वाचवू शकलं नाही. मग आपण संग्रहालयात जाऊन नेमकं काय पाहतो? एक फसलेलं यंत्र, की यशस्वी शिल्प?

सोपा मार्ग असा की, त्याची श्रद्धा बाजूला ठेवा आणि फक्त रूप पाहा. सौंदर्याचा आस्वाद उपयोगाच्या विचारापासून मोकळा असतो, हे कांटनं १७९० मध्ये सांगून ठेवलंच आहे. पण मला हा मार्ग थोडा उद्धट वाटतो. ज्या गोष्टीसाठी माणसानं तीस वर्षं घातली ती आपण बाजूला सारायची, आणि ज्याचा त्यानं दावाही केला नाही त्यासाठी त्याचं कौतुक करायचं!

इथे ब्रिटिश तत्त्वज्ञ कॉलिंगवूड उपयोगी पडतो. १९३८ च्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ या ग्रंथात तो जादूविधींचा विचार करतो. लोक जादूला फसलेलं विज्ञान समजतात, ते चूक आहे, असं त्याचं म्हणणं. पेरणीआधीच्या विधीनं पीक वाढत नाही, पण पेरणाऱ्याच्या मनात पेरणीचं बळ येतं. विधी भावना जागी करतो आणि तिला कामाकडे वळवतो. ही कसोटी लावून पाहा. ब्लॅगडनचं यंत्र पेशींवर चाललं नाही. पण ज्या माणसानं घरातली मरणं हतबलपणे पाहिली, त्याला त्यानं तीस वर्षं रोज सकाळी उठून करायला काम दिलं. हे काही थोडकं नाही. अर्थात यावरून कोणी उपचार सोडून तार गुंडाळत बसू नये. मनाचं बळ आणि रोगाचा इलाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण वेगळ्या आहेत म्हणून पहिली खोटी ठरत नाही.

तारेकडे वळलेल्या इतरांकडेही एकदा पाहू. अलेक्झांडर काल्डर आधी यंत्र-अभियांत्रिकी शिकला होता. १९२६ नंतर पॅरिसमध्ये तो तारेनं हवेत रेघ ओढू लागला. रूथ असावा १९४७ मध्ये मेक्सिकोतल्या टोलुका गावी स्थानिक कारागिराकडून तारेची टोपली विणायला शिकली, अंडी ठेवायची साधी टोपली, आणि तिच्यातून तिची लोंबती शिल्पं आली. आणि १९८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर कचऱ्यात सुमारे बाराशे तारेच्या वस्तू सापडल्या. कोणी केल्या, ते आजवर कळलेलं नाही. कोणाकडे पदवी, कोणाकडे कारागीर, कोणाचं तर नावही नाही. पण तार तिघांनाही आधी कामाची वस्तू म्हणूनच भेटलेली होती.

म्हणून ‘स्वशिक्षित’ या शब्दाबद्दल माझं म्हणणं एवढंच. तो शब्द गुरूचा अभाव सांगतो, शिक्षणाचा नाही. ब्लॅगडनला कुंपणानं शिकवलं, गवताच्या गठ्ठ्यांनी शिकवलं, विजेनं शिकवलं आणि घरातल्या मरणानं शिकवलं. आपण त्याला एकटा, विक्षिप्त, अपवाद म्हणतो तेव्हा ही सगळी शाळा पुसून टाकतो. १९७२ मध्ये रॉजर कार्डिनल यांनी ‘आउटसायडर आर्ट’ हा शब्द रूढ केला. पण बाहेरचा म्हणजे कशाच्या बाहेरचा? कलादालनाच्या बाहेरचा असेल. स्वतःच्या माळाच्या तर तो अगदी आतला होता.

संग्रहालयानं त्याच्या वस्तू वाचवल्या, याबद्दल आपण ऋणी राहायला हवं. पण तिथे त्या पाहताना एक गोष्ट मनात ठेवा. त्या पाहण्यासाठी केलेल्या नव्हत्या. त्यांच्याखाली कोणीतरी आजारी माणसानं बसावं आणि त्याचं दुखणं कमी व्हावं, यासाठी केलेल्या होत्या.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.