भूल उतरते, माणूस शुद्धीवर येतो

‘गोसीखुर्द’मधला ‘खुर्द’ फारसी आहे; अर्थ, धाकटं. थोरल्या गावाला लागणारं ‘बुद्रुक’ हेही फारसी ‘बुजुर्ग’चंच रूप. वैनगंगेकाठच्या या गावाला फारसी शेपूट जुळलं, तसा ‘शुद्ध’ या संस्कृतातून आलेल्या शब्दाला पुढून फारसी ‘बे’ जुळला आणि ‘बेशुद्ध’ झाला.

त्याचा सोबती ‘भूल’. विसर, चूक आणि मोह हे तिन्ही अर्थ त्यात नांदतात. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बसणारी भुलाबाई म्हणजे शंकराला भुलवणारी भिल्लीण पार्वती, अशी लोकांनी केलेली उकल आहे. १८४६ साली बोस्टनमध्ये इथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी भुलीच्या अवस्थेला ‘ॲनेस्थेशिया’ हे ग्रीक नाव सुचवलं; अर्थ, संवेदना नसणं. मराठीत त्यासाठी ‘संज्ञाहरण’ घडवलं गेलं, पण लोकांच्या तोंडी राहिली ती भूलच.

ताप, विष, नशा यांसारखी भूलही उतरते. माणूस मात्र शुद्धीवर येतो. एक क्रिया औषधाची, दुसरी माणसाची. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासासाठी श्वासनलिकेत घातलेली नळी कधी काढायची, हे या दोहोंमधल्या अंतरावर ठरतं. भूल गाढ असताना, पण श्वास स्वतःचा सुरू झाल्यावर, निवडक रुग्णांची नळी काढता येते. खोकला, ठसका कमी होतो. पोट भरलेलं असेल किंवा नळी घालतानाच अडचण आली असेल, तर पूर्ण शुद्धीची वाट पाहणंच योग्य. या दोन टोकांमधली अर्धवट शुद्ध सर्वांत धोक्याची: तेव्हा नळी हलली तर स्वरयंत्र घट्ट मिटून श्वास अडू शकतो.

म्हणून भूलतज्ज्ञ आधी भरपूर ऑक्सिजन देतात, घशातली लाळ ओढून घेतात, स्नायूंची ताकद परत आली का ते तपासतात. मग आज्ञा: डोळे उघडा, मूठ दाबा, मान उचला. भंडाऱ्याच्या झाडीबोलीत डोळ्याचा ‘डोरा’ होतो. रुग्णाच्या बोलीत ‘डोरे उघड’ म्हटलं, तर आज्ञा त्याला लवकर उमजेल, असं मला मनापासून वाटतं. आज्ञा पाळली, श्वास खोल आणि नियमित असला, की नळीभोवतीचा फुगा रिकामा करून ती काढतात.

बाहेर थांबलेले नातेवाईक विचारतात, “भूल उतरली का?” त्यांनी विचारावं, “शुद्धीवर आले का?” नळी काढणाऱ्यालाही याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं.