कोणती कादंबरी ठेवावी, कोणती वाचावी?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या आठवड्यात आमच्या मंडळात पेढे वाटले गेले. पेढा हातात घेऊन एका तरुण सभासदाने मला विचारले, "काका, भाषा अभिजात झाली, छानच झालं. पण मी आता नेमकं वाचू काय?" हा मुलगा गुजराती माध्यमात शिकलेला. मराठी बोलतो चोख, वाचतो मात्र अडखळत. मी त्याला दहा कादंबऱ्यांची यादी लिहून दिली. महिनाभराने भेटला तेव्हा त्याने पहिल्याच पुस्तकाची बारा पाने वाचली होती, आणि पुढचे नऊ उघडलेही नव्हते.

दोष त्या मुलाचा नव्हता, माझ्या यादीचा होता. थोर कादंबऱ्यांची यादी आणि वाचायला लावणाऱ्या कादंबऱ्यांची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पूर्वीच कळायला हवे होते. कारण हीच चूक मी आधी एकदा केली होती आणि तेव्हा तिची किंमत एका वाचनालयाने मोजली होती. ती हकीकत पुढे येईलच. आधी थोडा इतिहास पाहू; निवडीचा प्रश्न इतिहासाशिवाय सुटत नाही.

ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र यांच्या मानाने मराठी कादंबरी अगदी अलीकडची. तिचे वय पावणेदोनशे वर्षांचेही नाही. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तेच सामान्यतः मानले जाते. विषय होता हिंदू विधवांची स्थिती. चार वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली. ही पूर्णपणे अद्भुतरम्य. पुढची काही वर्षे वाचकांनी 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांच्या वळणाच्या कादंबऱ्याच उचलून धरल्या. म्हणजे पहिल्या चार-पाच वर्षांतच दोन वाटा फुटल्या होत्या : एक समाजाचे दुखणे सांगणारी, दुसरी मन रमवणारी. आज आपण ज्यावर वाद घालतो तो भेद कादंबरीच्या जन्माइतकाच जुना आहे.

१८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही पहिली ऐतिहासिक कादंबरी आली. ती 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून क्रमशः छापली जात होती. सीमाभागातील वाचकांनी एक गोष्ट अभिमानाने ध्यानात ठेवावी : पदमनजी बेळगावचे आणि गुंजीकर बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीचे. मराठी कादंबरीची पहिली दोन महत्त्वाची पावले त्या मातीतल्या माणसांनी टाकली. नावाचीही तीच गंमत. बाणभट्टाच्या नायिकेचे नाव या वाङ्मयप्रकाराला मराठीने दिले तसेच कन्नडनेही दिले. आमच्याकडे गुजरातीत मात्र 'नवलकथा' म्हणतात, हिंदीत 'उपन्यास'. भांडणे कितीही असोत, बेळगावच्या दोन्ही भाषांत कादंबरी ती कादंबरीच.

आता हरिभाऊ आपटे यांच्याकडे वळू. त्यांच्याशिवाय 'अभिजात मराठी कादंबरी' हे शब्द उच्चारता येत नाहीत. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणेवैभव' पत्रातून येऊ लागली. तिच्यामागे रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाचे वळण होते. हा रेनॉल्ड्स म्हणजे त्या काळी लंडनच्या सामान्य वाचकांसाठी रहस्ये आणि गुन्हे यांनी भरलेल्या स्वस्त कथा लिहिणारा लोकप्रिय लेखक. पंडितांनी नाके मुरडावीत असा. आपल्या थोर कादंबरीकाराने पहिले धडे गिरवले ते या पाटीवर.

पुढे १८९० मध्ये हरिभाऊंनी स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याचे नाव 'करमणूक'. नाव काय निवडले ते पाहा : 'प्रबोधन' नाही, 'उद्धार' नाही. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी याच साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. बालवयात लग्न झालेली, पुढे विधवा झालेली, केशवपनाचा अपमान सोसलेली यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. पदमनजींची नायिका यमुना, हरिभाऊंची यमू. मधल्या तीसेक वर्षांत विषय तोच राहिला. बदलले ते सांगणे. पदमनजींच्या पुस्तकात प्रवासी यमुना विधवांच्या हकीकती गोळा करीत जाते आणि लेखकाचा उपदेश मधूनमधून डोके वर काढतो. हरिभाऊ स्वतः बाजूला होतात आणि यमूला तिच्या घरातल्या भाषेत बोलू देतात. पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकाला धरून ठेवायचे कसब आणि समाजाचे दुःख सांगायची तळमळ या दोन्ही वाटा इथे एकत्र आल्या, आणि ते पुस्तक टिकले.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. ज्यांना आपण आज अभिजात म्हणतो त्यांपैकी बऱ्याच कादंबऱ्या त्यांच्या काळी लोकप्रिय होत्या, किंबहुना लोकप्रियतेच्या साधनांनीच त्या घडल्या. उलट मात्र खरे नाही. लोकप्रिय ते सगळे टिकत नाही. म्हणून लोकप्रियता हा दोष मानू नये, आणि तिला पुरावाही मानू नये.

१९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'कादंबरी' हा दीर्घ लेख लिहिला आणि युरोपातल्या कादंबऱ्यांशी ताडून मराठी कादंबरीचे मोजमाप केले. त्यांची निराशा समजण्यासारखी होती. पण त्याच काळात सामान्य वाचक नाथमाधवांच्या 'वीरधवल'कडे वळणार होता. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, कड्यावरून पडून अधू झाले आणि अंथरुणावरून लिहू लागले. १९१३ ची 'वीरधवल' पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. पुढे फडके आणि खांडेकर यांचा जमाना आला. कला कलेसाठी की जीवनासाठी हा वाद रंगला आणि वाचक दोघांच्याही कादंबऱ्या घरी नेत राहिले. त्याच दिवसांत, १९३९ मध्ये, विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही लहानशी कादंबरी आली. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर एक मराठी तरुण आणि एक निर्वासित ज्यू तरुणी भेटतात, एवढीच तिची गोष्ट. आज समीक्षक तिला मराठीच्या मोजक्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत धरतात.

दुसऱ्या बाजूला बाबूराव अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. वाङ्मयेतिहासात त्यांना चार ओळी मिळाल्या तर मिळाल्या. पण कित्येक घरांत पोराला पहिल्यांदा शाळेबाहेरचे पुस्तक हाती धरायला लावले ते अर्नाळकरांनीच.

लोकप्रिय लेखनाचा प्रश्न एकदा न्यायालयातही गेला. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाच्या विवेचनातला एक मुद्दा आपल्या विषयाला धरून आहे : समाजाची मापे झपाट्याने बदलत असतात, आणि प्रेम व कामजीवन यांचे चित्रण वाचकाला अभिजात ग्रंथांतही भरपूर भेटते. कपाटातल्या पुस्तकाला एक माप आणि स्टॉलवरच्या पुस्तकाला दुसरे, असे करता येत नाही.

आता थोडे आमच्या बडोद्याविषयी. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि पुढे तो सबंध संस्थानात नेला. पण शाळा सुटल्यावर पुस्तक दिसले नाही तर शिकलेली अक्षरे दोन-चार वर्षांत पुसली जातात, हे महाराजांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले. मध्यवर्ती वाचनालय उभे राहिले, त्यासाठी महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातले हजारो ग्रंथ दिले. गावोगावी वाचनालये निघाली. गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच भर पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, अशी पद्धत होती. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तके भरलेल्या लाकडी पेट्या जात, आणि वाहतुकीचा खर्च संस्थान सोसत असे.

या पेट्यांविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. पेटी लहान. तिच्यात मावतील तेवढीच पुस्तके भरायची. आत काय घालावे? सगळी थोर पुस्तके घातली तर पेटी न उघडता परत येण्याची भीती. सगळी हलकी घातली तर पेटी पाठवायची कशाला? पेटी भरणाऱ्याला रोज जो प्रश्न पडत असेल, तोच आज आपल्या प्रत्येक मराठी मंडळासमोर आहे.

आता ती राहिलेली हकीकत. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या वाचनालयाचे छत गळू लागले. जागा कमी करायची होती. पुस्तके निवडायला तिघांची समिती नेमली, त्यात मी होतो. आम्ही चामडी बांधणीचे, नावाजलेले, 'संग्राह्य' ते ठेवले. रहस्यकथा, कौटुंबिक कादंबऱ्या, पाने सुटलेल्या नाथमाधवांच्या प्रती रद्दीत गेल्या. यादीवर माझी सही आहे. पुस्तके गेल्यावर एका संध्याकाळी मी सहज देवघेवीची जुनी वही चाळली. आम्ही ठेवलेल्या कित्येक पुस्तकांपुढे वीस-वीस वर्षांत एकही नोंद नव्हती. घालवलेल्यांपुढे जागा अपुरी पडून कागद चिकटवलेले होते. पुढच्या वर्षभरात ज्यांचे येणे थांबले त्या बहुतेक वयस्कर बायका होत्या. त्यांतल्या एक आजी जाताना एवढेच म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकं नाही हो काढलीत, आम्हालाच काढलंत." त्यांच्याबरोबर त्यांची नातवंडेही यायची. तीही थांबली. पेढा हातात घेऊन मला प्रश्न विचारणारा मुलगा त्याच पिढीतला.

महाराष्ट्रात एक वाचनालय चुकले तर शेजारी दुसरे असते. शाळा, दुकान, वर्तमानपत्र असते. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बडोदे इथे तसे नाही. इथे कादंबरी ही घराबाहेरची मराठी ऐकू येण्याची जवळजवळ शेवटची जागा आहे. म्हणून निवड चुकली तर आपले नुकसान रुचीपुरते राहत नाही, भाषेचा धागाच तुटतो.

मग निवडावे कसे? मी आता यादी देत नाही, रीत सांगतो.

पहिली गोष्ट, नव्या वाचकाला कालक्रमाने वाचायला लावू नये. 'यमुनापर्यटन'पासून सुरुवात करणारा 'मोचनगड'पर्यंत पोचणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आधी द्यावी. लहान आहे, वाक्ये छोटी आहेत, आणि एका तरुण मास्तराच्या डोळ्यांनी सगळे गाव दिसते. ती संपली की 'रणांगण'. रहस्याची ओढ असेल तर खुशाल अर्नाळकर, लाजू नये.

दुसरी गोष्ट, जोडीने वाचावे. एक जुनी, एक नवी. किंवा एक मान्यवर, एक लोकप्रिय. हरिभाऊंच्या 'उषःकाल'बरोबर रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) वाचली की इतिहासाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा कळतात. यमूच्या कहाणीबरोबर विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' (१९३४) वाचावी. चाळीस वर्षांत मराठी बाई कुठून कुठे आली ते कोणाच्या व्याख्यानावाचून समजते. खांडेकरांच्या 'ययाति'बरोबर (१९५९) चारच वर्षांनी आलेली नेमाड्यांची 'कोसला' ठेवावी. दोन्ही लेखकांना पुढे ज्ञानपीठ मिळाले, आणि दोन्ही पुस्तके एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत इतकी वेगळी. एकाच भाषेच्या अंगणात दोन्हींना जागा आहे, हे वाचकाला आपोआप पटते.

तिसरी गोष्ट, वीस पाने मोठ्याने वाचून पाहावीत, शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाला. 'करमणूक' येत असे त्या काळी वाचता येणारा एक आणि ऐकणारे चार, अशी घरे पुष्कळ होती. ऐकणाऱ्याने "पुढे?" विचारले तर पुस्तक योग्य आहे. नाही विचारले तर मिटावे आणि पाच वर्षांनी पुन्हा उघडावे. पुस्तक मिटणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे.

चौथी गोष्ट संस्थांसाठी. काढून टाकायच्या पुस्तकांची यादी करण्याआधी देवघेवीची वही समोर ठेवावी. जे कोणी नेत नाही पण राखलेच पाहिजे, त्याची एक प्रत जपावी. जे सगळे नेतात ते फाटले तर नवे घ्यावे. या दोन कामांसाठी दोन वेगळी कपाटे असावीत; एकाच्या जागेवर दुसऱ्याने अतिक्रमण करू नये.

त्या तरुणाला मी माझी यादी परत मागितली आणि 'बनगरवाडी' दिली. तीन आठवड्यांनी तो पुस्तक परत करायला आला. "कशी वाटली?" म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "आजीला वाचून दाखवली. ती म्हणते, अशीच दुसरी आण." आजीचे नाव विचारले, तेव्हा ओळख पटली. वाचनालय सोडून गेलेल्यांपैकीच त्या एक.

दुसरे पुस्तक कोणते द्यायचे, याचा विचार मी दोन दिवस केला. मग एका जुन्या पुस्तकाच्या दुकानातून नाथमाधवांची एक प्रत मिळवली, सुटलेली पाने शिवून घेतली आणि 'रणांगण'सह त्याच्या हाती दिली. एक आजीसाठी, एक त्याच्यासाठी. कोणते कोणासाठी, ते मात्र मी सांगितले नाही.