आधी शेवाळ, मग मासे

गोंदियाहून मुंबईचा समुद्र रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटर. तलावांचा जिल्हा म्हणून गोंदियाची ओळख, पण ते सगळं पाणी गोडं. इथे कुणाला घरात खाऱ्या पाण्याचा फिश टँक ठेवायचा झाला, तर समुद्र पाकिटातून आणावा लागतो. आरओच्या पाण्यात सागरी मीठ विरघळवायचं, पंप लावायचा आणि मुख्य टाकीच्या खालच्या कप्प्यात दिव्याखाली हिरवंगार समुद्रशेवाळ वाढवायचं. पाहुण्यांची नजर वरच्या माशांवर खिळते, पण पाणी राखायचं काम खालचं शेवाळ करत असतं. काचेवर धरणारा बुळबुळीत थर म्हणजे हे शेवाळ नव्हे. पानासारखं, दोऱ्यासारखं किंवा द्राक्षांच्या घोसासारखं दिसणारं, हातात धरता येईल असं हे मोठं शेवाळ आहे. टँकमध्ये ते कसं आलं, तिथून हद्दपार कसं झालं आणि परत कसं आलं, त्याची ही कुळकथा.

प्रकाशात हिरवी पानं प्राणवायू सोडतात, हे यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्येच दाखवून दिलं होतं. पण त्या ज्ञानाला टाकीत उतरायला सत्तरेक वर्षं लागली. १८३२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे जान व्हिलप्रे-पॉवर यांनी समुद्री प्राण्यांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या करून घेतल्या. मात्र तिथे दारातच समुद्र होता. खरा पेच होता तो समुद्रापासून लांब राहणाऱ्यांचा.

तो सुटला लंडनमधल्या एका घरात. ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ आणलं. खारं पाणी मोजकंच, रोज ताजं मिळण्याची सोय नाही. मग तेच पाणी उघड्या खिडकीशी उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे कष्टाचं काम रोज घरातल्या मोलकरणीच्या वाट्याला येई. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्रशेवाळ घातलं. त्यांचं प्रवाळ सुमारे तीन वर्षं जगलं. समतोल राखलेला, समुद्रापासून दूरचा हा पहिला सागरी टँक मानला जातो. मोलकरणीच्या हातांचं काम शेवाळाकडे सोपवता येतं, हे त्यात प्रथम दिसलं.

त्यामागचं गणित मांडलं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. १८४९ मध्ये त्याने पन्नासेक लिटरच्या टाकीत गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं. तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं. वनस्पती प्राणवायू देते, मासे तो घेतात, माशांची विष्ठा वनस्पतीचं खत होते आणि मेलेलं ते गोगलगाय खाते. १८५० मध्ये त्याने हा हिशेब छापून मांडला आणि मग तोच प्रयोग खाऱ्या पाण्यात सुरू केला. तिथे व्हॅलिस्नेरियाच्या जागी आलं हिरवं समुद्रशेवाळ, म्हणजे लेट्यूसच्या पानासारखं दिसणारं उल्वा आणि त्याचे भाऊबंद.

आता समुद्रच घरी बनवायचा बाकी होता. ते काम फिलिप हेन्री गॉस यांनी केलं. लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय १८५३ मध्ये उघडलं, त्यातही त्यांचा हात होता. १८५४ मध्ये त्यांनी कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड अशी चार द्रव्यं, आणि साडेचार लिटरच्या आसपास पाण्याला सुमारे शंभर ग्रॅम मीठ. आज गोंदियात पाकीट फोडून पाणी कालवणारा माणूस याच कृतीचा वारस आहे. पण गॉस यांच्या कृतीतला क्रम तो बहुतेक वेळा विसरतो. नव्या पाण्यात त्यांनी आधी शेवाळ सोडलं होतं, प्राणी काही दिवसांनी.

इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. त्यामुळे घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं. मात्र पाणी राखायचं शास्त्र थोड्यांनाच जमलं. ऊन जास्त झालं की पाणी हिरवं होई, मासे जास्त झाले की ते नासे. बहुतेकांनी काही वर्षांतच नाद सोडला. मत्स्यालयांच्या टाक्या बांधणाऱ्या विल्यम लॉइडने मग दुसरी वाट धरली. अंधाऱ्या तळटाकीत भरपूर पाणी साठवायचं आणि पंपाने ते सतत फिरवत ठेवायचं. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर दिसली. पंप आला आणि शेवाळाची नोकरी गेली.

विसावं शतक पंपाचं आणि फिल्टरचं. मराठी माणसाने रंगीत समुद्री मासे पहिल्यांदा पाहिले ते बहुधा १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. तिथे समोरच अरबी समुद्र. घरच्या टाकीचं तसं नसतं. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. हवेशीर फिल्टरचं काम तिथेच थांबतं. नायट्रेट साठत जातं, सोबत खाद्यातलं फॉस्फेटही साठतं. पाणी दिसायला काचेसारखं नितळ, पण आतून जड. त्यावर दोनच उपाय, एकतर पाणी बदलत राहा, नाहीतर ते नायट्रेट खाणारं कुणीतरी आत ठेवा.

परतीची वाट आधी जकार्तातून निघाली. ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली ‘नैसर्गिक’ पद्धत जगापुढे मांडली. जीवसृष्टीने भरलेले समुद्रातले खडक, हवेचे मंद बुडबुडे आणि प्रकाश, बस. त्यानंतर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी हिशेब पुरा केला. वाहत्या पाण्याखाली, प्रखर दिव्यात जाळीवर शेवाळ वाढवायचं आणि ठरावीक दिवसांनी खरवडून काढायचं. त्यांच्या प्रवाळटाक्या १९८० च्या सुमारास या पद्धतीवर चालत होत्या. मर्म त्या खरवडण्यात आहे. धान कापून खळ्यावर नेलं तरच शेतातलं खत बांधाबाहेर जातं, तसं शेवाळ कापून बाहेर काढलं तरच नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकीबाहेर जातात. न कापलेलं शेवाळ कुजतं आणि खाल्लेलं सगळं पाण्याला परत करतं.

याच विचारातून खालच्या कप्प्यात शेवाळ वाढवायची रीत रुळली. शौकीन त्याला रिफ्युजियम म्हणतात, कारण माशांच्या तोंडापासून दूर तिथे सूक्ष्मजीवही आसरा घेतात. तिथला दिवा रात्री लावायचा. वर अंधार झाला की सगळेच श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याचा पीएच घसरतो. खाली शेवाळ जागं असलं की तो सावरला जातो.

पण कोणतं शेवाळ? सुरुवातीला कॉलर्पाची चलती होती. दिसायला देखणं, वाढायला भराभर. त्याचं सगळं अंग म्हणजे एकच प्रचंड पेशी. प्रजननाची वेळ आली की ती आतलं सगळं द्रव्य पाण्यात सोडते, शेवाळ रात्रीत पांढरं पडतं आणि टाकी दुधाळ होते. त्याहून मोठा धडा भूमध्य समुद्राने दिला. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम चौरस मीटरभर ठिपका आढळला. तो मत्स्यालयातून निसटलेला वाण होता. पुढच्या काही वर्षांत त्याने हजारो हेक्टर समुद्रतळ व्यापला. २००० मध्ये तोच वाण कॅलिफोर्नियात दोन ठिकाणी सापडला, तेव्हा त्यावर ताडपत्र्या अंथरून आत क्लोरीन सोडावं लागलं. २००६ पर्यंत तो संपवला, पण खर्च सत्तर लाख डॉलरच्या घरात गेला. आज बहुतेक जण कीटोमॉर्फा वापरतात. तारेच्या घासणीसारखा त्याचा गुंता असतो. तो कशाला चिकटत नाही आणि मूठभर उपसून काढता येतो.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण वॉरिंग्टनच्या टाकीतली व्हॅलिस्नेरिया गोंदियाच्या तलावांतली घरचीच. कोहळी समाजाने बांधलेले इथले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ढीवरांच्या मासेमारीवर आणि तळाशी दाटलेल्या पाणवनस्पतींवर जगत आले. मालगुजारी गेली, देखभाल थांबली, गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली. उत्पन्नासाठी बाहेरचे मासे सोडले गेले, त्यातल्या ग्रासकार्पने पाणवनस्पती खाऊन टाकल्या. पाठोपाठ स्थानिक मासे घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि जाणते ढीवर पतिराम तुमसरे यांनी अर्जुनी मोरगाव भागात उलटा क्रम धरला. बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, पावसाळ्यात व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारख्या देशी वनस्पती लावल्या. त्या रुजल्या तसे स्थानिक मासे आणि पक्षी परतू लागले. लंडनच्या टाकीत आणि अर्जुनीच्या तलावात पाण्याने एकच गोष्ट मागितली, आधी हिरवं काहीतरी, मग मासे.

गोंदियात खारा टँक ठेवणाऱ्याला तर शेवाळच अधिक सोयीचं. कठीण प्रवाळांच्या सर्व जाती, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत, ते बाळगणं गुन्हा आहे. शेवाळाचा टँक मात्र तेवढाच देखणा होऊ शकतो. पथ्यं थोडी. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि तापमान २४ ते २६ अंश. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून चिलर किंवा निदान पृष्ठभागावर पंखा हवाच. पंख्याने पाणी उडतं, पण मीठ मागेच राहतं, तेव्हा भरपाई गोड्या पाण्यानेच करावी. पाणी अगदी ‘शुद्ध’ केलंत, नायट्रेट शून्यावर आणलंत, तर शेवाळ उपाशी मरतं. ते पांढुरकं, पारदर्शक होऊ लागलं की उपासमार ओळखावी. लोह थोडं लागतं. माशांच्या रोगावरची तांब्याची औषधं शेवाळाला विषासारखी, ती या टाकीत घालू नयेत. आणि वाढ जोमात असताना कापणी चुकवू नये.

कापलेलं शेवाळ उन्हात कडकडीत वाळवूनच कचऱ्यात टाका. खारं पाणी धानाच्या बांधीत ओतू नका. आणि टाकी गोडी असो वा खारी, तिच्यातला एकही मासा, गोगलगाय किंवा पाणवनस्पती बोडीत, नाल्यात किंवा तलावात सोडू नका. बेशरम आणि ग्रासकार्पने केलेलं नुकसान ढीवर अजून हातांनी निस्तरत आहेत. त्यात आपल्या हौसेची भर नको.