टॅटू काढताय? सगळ्यांसारखा की एकदम वेगळा?

जालना जिल्ह्यातल्या गावांत म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर, हातांवर हिरवट गोंदण आजही दिसतं. तुळस, ठिपके, देवाचं नाव अशी नक्षी घरोघरी सारखीच. वेगळं दिसणं हा गोंदणाचा हेतूच नव्हता.

त्यामुळे आज त्रिशूळ किंवा ‘आई’ गोंदवून घेण्यात कमीपणा नाही. ही चिन्हं सगळ्यांचीच आहेत. मात्र कलाकाराने दुसऱ्या कोणासाठी खास काढलेलं डिझाइन जसंच्या तसं उचलू नये. वेगळेपण हवं असेल तर आजीच्या हातावरची नक्षी किंवा आईचं हस्ताक्षर घेता येतं.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी डिझाइनआधी जागा ठरवावी. सर्वसाधारण उमेदवारांना कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागेच कायमचा टॅटू चालतो.